बंगलेवाली मशिदीचं बोलावणं

दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळ बंगलेवाली मशीद आहे. १८५७ नंतरच्या उजाड काळात तिथे मौलाना मुहम्मद इस्माईल राहायचे. मूळचे उत्तर प्रदेशातल्या झंझान्याचे. मोगल घराण्याशी नातं असलेल्या मिर्झा इलाही बख्श यांच्या मुलांना शिकवायला म्हणून आलेले. मशीद होती, इमाम होता, पण जमातीने नमाज पढायचा तर मागे उभं राहायला माणसं लागतात, तीच नव्हती. एके दिवशी इस्माईल रस्त्यावर येऊन थांबले. काही मजूर चालले होते. कुठे निघालात? मजुरीला. किती मिळते दिवसाला? मजुरांनी आकडा सांगितला. तेवढीच मी देतो, इथेच थांबा, असं म्हणून मौलानांनी त्यांना आत नेलं आणि नमाज शिकवायला बसवलं. संध्याकाळी ठरलेली मजुरी हातावर ठेवली. असं बरेच दिवस चाललं. पुढे मजुरांना नमाजाची गोडी लागली, त्यांनी पैसे घेणं सोडलं आणि त्यातूनच तिथला मदरसा उभा राहिला.

इस्माईल यांचे चिरंजीव मुहम्मद इलियास यांच्या, अबुल हसन अली नदवी यांनी लिहिलेल्या चरित्रात आलेला हा प्रसंग. ते मजूर मेवातचे होते. आज जगभर पसरलेल्या तबलीगी जमातीचा इतिहास साधारणपणे १९२६-२७ पासून मोजतात, पण माझ्या मते तिची खरी सुरुवात या मजुरीच्या हिशेबात आहे. बेनमाजी माणसाला नरकाची भीती घालण्याआधी त्याला आज कामावर गेला नाही तर किती तोटा होईल, हे एका मौलवीने विचारलं. असा प्रश्न विचारणारे धर्मगुरू कोणत्याही धर्मात विरळाच.

इस्लाममध्ये नमाजाचं स्थान काय, हे ठाऊक नसलेल्याला ही सगळी धडपड चमत्कारिक वाटेल. कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज हे पाच आधारस्तंभ. त्यातली जकात ऐपत असणाऱ्याला, हज आयुष्यात एकदा आणि तोही जमलं तर, रोजे वर्षातून महिनाभर. नमाज मात्र दिवसातून पाच वेळा, श्रीमंताला आणि भिकाऱ्याला सारखाच. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा. सक्तीच्या म्हणजे फर्ज रकाती (नमाजाची आवर्तनं) सतरा : दोन, चार, चार, तीन, चार. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, तेही जमत नसेल तर मानेच्या इशाऱ्याने. पाणी नसेल तर मातीवर हात फिरवून तयम्मुम. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात. युद्धभूमीवरसुद्धा सैन्याने दोन तुकड्या करून आळीपाळीने नमाज पढावा, हे कुराणात सांगितलं आहे. सवलती इतक्या दिल्या आहेत की सबबीला जागाच उरत नाही. पाळीच्या दिवसांत बाईला मात्र नमाज पूर्ण माफ, आणि तो नंतर भरूनही काढायचा नाही.

इस्माईल १८९८ मध्ये वारले. त्यांच्यानंतर थोरले चिरंजीव मुहम्मद यांनी मशीद सांभाळली, आणि त्यांच्या निधनानंतर, १९१८ च्या सुमारास, धाकटे मुहम्मद इलियास सहारनपूरच्या मजाहिर उलूममधली शिक्षकाची जागा सोडून निजामुद्दीनला आले. अंगाने काडी, बोलताना अडखळणारे. ज्याच्या नावावर पुढे व्याख्यानांवर चालणारी एवढी मोठी चळवळ जमा झाली, त्याची जीभ अडखळत होती.

दिल्लीच्या दक्षिणेला पसरलेला मेवात म्हणजे मेव लोकांचा मुलूख. बारा पाल म्हणजे मोठी कुळं, त्याखाली गोत्रं. नावं नाहरसिंग, भूपसिंग अशी. सगोत्र लग्न निषिद्ध. होळी-दिवाळी साजरी व्हायची, निकाहही लागायचा. मिरासी मंडळी रात्ररात्र ‘पांडून का कडा’ म्हणजे मेवांचं स्वतःचं महाभारत गायची. मुसलमान म्हणवणारे असंख्य लोक कलमासुद्धा धड म्हणू शकत नव्हते, आणि कुणी नमाज पढताना दिसला तर पोरंसोरं गोळा होऊन बघत, हा माणूस वाकतोय कशाला म्हणून, अशा आठवणी जमातीच्या लेखनात येतात. त्यात थोडं रंगवणं असेल. जिथे आपण सुधारणा केली तिथला आधीचा अंधार जरा गडद रंगवायची खोड सगळ्याच सुधारकांना असते. पण काळ खरोखर अटीतटीचा होता. १९२३ मध्ये स्वामी श्रद्धानंदांच्या पुढाकाराने आग्रा-मथुरेकडच्या मलकाना राजपुतांचं शुद्धीकरण सुरू झालं होतं आणि अर्ध्या वाटेवरचे मुसलमान कुणाचे, यावरून उत्तर हिंदुस्थानात चुरस लागली होती. तबलीगचा जन्म त्या चुरशीतही आहे. तो फक्त भक्तीतून झाला असं जमातीचे लोक सांगतात, ते अपुरं आहे.

इलियास यांनी आधी मक्तब काढले. गावोगाव मुलांना कुराण शिकवणाऱ्या छोट्या शाळा. मेव म्हणायचे, पोरं शाळेत पाठवली तर गुरं कोण राखणार? मौलाना अक्षरशः विनवण्या करून मुलं मागायचे. मग एकदा एका मक्तबातून शिकून निघालेला तरुण कौतुकाने त्यांच्यापुढे आणला गेला. कुराण पूर्ण झालेलं, पण दाढी सफाचट आणि एकंदर पेहरावावरून हा मुसलमान आहे असं कळू नये. मौलानांचं मन या मक्तबांवरून उडालं. मुलं शिकून घरी जातात आणि घर त्यांना परत आपल्यासारखं करून टाकतं, हे त्यांनी ताडलं. शिकवायचं तर मोठ्यांना, आणि त्यांच्या घरापासून, शेतापासून, बाजारापासून चार दिवस लांब नेऊन. १९२६ मध्ये ते हजला गेले, परतल्यावर गश्त म्हणजे दारोदार फिरून नमाजाचं बोलावणं सुरू केलं. २ ऑगस्ट १९३४ ला मेवातमधल्या नूहमध्ये मेव चौधऱ्यांची पंचायत भरली. कलमा आणि नमाज शिकणं, मुलांना शिकवणं, मशिदी बांधणं अशा कलमांवर सगळ्यांनी होकार भरला. धर्माचा ठराव जातपंचायतीकडून करून घेतला, ही मौलानांची खरी हुशारी. मेव मुल्लाचं ऐकतीलच असं नाही, पण चौधऱ्याचा शब्द मोडणार नाहीत. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याच नूहला मोठा इज्तेमा म्हणजे मेळावा झाला तेव्हा वीस-पंचवीस हजार माणूस जमला होता. कित्येक जण कोसच्या कोस पायी, खांद्यावर शिदोरी घेऊन आलेले.

कार्यक्रम सहा बातांचा : कलमा, नमाज, इल्म व जिक्र, इकराम-ए-मुस्लिम म्हणजे दुसऱ्याचा आदर, नियत साफ ठेवणं, आणि यासाठी वेळ काढणं. राजकारण बोलायचं नाही, पंथांच्या भांडणात पडायचं नाही. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, सभासदांची वही नाही. प्रत्येकाने आपल्या खिशातून खर्च करायचा. महिन्याला तीन दिवस, वर्षाला चाळीस दिवसांचा चिल्ला, आयुष्यात एकदा तरी चार महिने.

गश्त कशी होते हे बीड, मालेगाव, मिरज, कुठेही बघता येतं. असरनंतर मशिदीतून आठ-दहा जण निघतात. पुढे रहबर, तो त्याच मोहल्ल्यातला, कुठल्या दारामागे कोण राहतं हे जाणणारा. त्याच्यासोबत मुतकल्लिम, बोलणारा तो एकटाच. बाकीचे नजर खाली ठेवून, ओठांत जिक्र करत, रस्त्याच्या कडेने. एक जण मशिदीतच दुआ मागत बसलेला असतो. पंक्चरच्या दुकानासमोर टोळकं थांबतं. दुकानदाराच्या हातात ट्यूब, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधणं चाललेलं. सलाम होतो. हात ओले म्हणून तो मनगट पुढे करतो, तेच धरून मुसाफा होतो. बोलणं मिनिटभराचं. भाई, आपण सगळे कलमा पढणारे, कामयाबी दीनमध्ये आहे, मगरिबनंतर मशिदीत बात होईल, आत्ताच चलता का? दुकानदार म्हणतो, हे गिऱ्हाईक उरकतो आणि येतो, इन्शाअल्लाह. येत नाही हे दोघांनाही माहीत असतं. वाद घालायचा नाही, किती दिवस नमाज पढला नाहीस असं विचारायचं नाही, हे निघण्याआधीच्या आदाबमध्ये प्रत्येक वेळी बजावलेलं असतं. पुढच्या आठवड्यात त्याच वारी परत तेच दार. मगरिबनंतर बयान, बयानानंतर तश्कील. कागद-पेन निघतं आणि तीन दिवस कोण देणार, चाळीस दिवस कोण देणार, अशी विचारणा सुरू होते. मग मशिदीत जो तो आपल्या गुडघ्याकडे पाहू लागतो. शेवटी मागच्या रांगेतला एखादा पोरगा नाव लिहवतो.

या मवाळपणाची दुसरी बाजू पुस्तकात आहे. इलियास यांचे पुतणे आणि मोठे हदीसतज्ज्ञ मौलाना मुहम्मद जकरिया यांनी काकांच्या सांगण्यावरून ‘फजाइल-ए-नमाज’ लिहिलं. तालीमच्या म्हणजे सामूहिक वाचनाच्या वेळी आजही ते मशिदी-मशिदींत वाचलं जातं. नमाजाचं पुण्य, जमातीने पढण्याचं पुण्य, एकाग्रतेचं महत्त्व आणि सोडणाऱ्याला मिळणाऱ्या शिक्षा. त्या शिक्षांचा आधार कुराणात आहेच. सूरह मुद्दस्सिरमध्ये नरकवासीयांना तुम्ही इथे कसे आलात असं विचारलं जातं, तेव्हा ते पहिलं कारण सांगतात ते नमाज न पढल्याचं. सूरह मरयममध्ये नमाज वाया घालवून वासनांच्या मागे लागलेल्या पिढ्यांचा उल्लेख आहे. कयामतच्या दिवशी पहिला हिशेब नमाजाचा होणार, ही हदीस तर शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण मला सगळ्यात बोचरी वाटते ती सूरह माऊन. तिथे धिक्कार आहे तो नमाज पढणाऱ्यांचाच : जे पढतात पण त्याकडे दुर्लक्ष करतात, दाखवण्यासाठी करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत. त्याच सूरहमध्ये अनाथाला धक्के मारून हाकलणारा माणूस आहे. म्हणजे रांगेत उभा राहणाराही हिशेबातून सुटलेला नाही.

या भक्कम आधारांच्या जोडीला पुस्तकात पैगंबरांच्या नावे सांगितली जाणारी पंधरा शिक्षांची एक प्रसिद्ध रिवायतही आली आहे : नमाजात कुचराई करणाऱ्याला काही शिक्षा या जगात, काही मरताना, काही कबरीत, काही कयामतला. उर्दू पत्रकांतून, कॅलेंडरांतून आणि आता मोबाइलवर ती अफाट फिरते. हदीसशास्त्रातले दोन दिग्गज, जहबी आणि इब्न हजर असकलानी यांनी, ती एका निवेदकाने रचलेली खोटी रिवायत असल्याचं शतकांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. तरी ती मरत नाही. भीतीचा माल पटकन खपतो, हे प्रचारकांनाही कळतं आणि ऐकणाऱ्यांनाही.

नमाज सोडणाऱ्याचं काय करायचं, यावर फिकहच्या म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांमध्ये तर हजार वर्षं खल चालला आहे. नमाज फर्जच नाही असं म्हणणारा इस्लामच्या बाहेर गेला, यावर सगळ्यांचं एकमत. पण फर्ज मानतो, आळसाने पढत नाही, अशाचं काय? हंबली मजहबचं मुख्य मत त्यालाही काफिर ठरवतं. मालिक आणि शाफई म्हणतात मुसलमानच राहतो, मोठा गुन्हेगार, आणि तौबा करून पढायला तयार झाला नाही तर देहदंडाला पात्र. अबू हनीफा म्हणतात फासिक म्हणजे पापी आहे, पढू लागेपर्यंत कैदेत ठेवावा. ग्रंथांत हे सगळं शासनाच्या अखत्यारीतलं आहे, रस्त्यावरच्या माणसाने उठून करायचं नाही. इलियास हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या पंथाचे होते. त्यांच्यापुढे काझी नव्हता, कैदखाना नव्हता, राज्य इंग्रजांचं. हातात होतं ते फक्त दुसऱ्याचं दार आणि आपले पाय.

निष्काळजीपणा आणि राहून जाणं यांत मात्र शरीयत नीट फरक करते. खैबरहून परतताना पैगंबरांनी रात्री मुक्काम केला आणि फजरला उठवायची जबाबदारी बिलाल यांच्यावर सोपवली. बिलाल पूर्वेकडे तोंड करून, उंटाला टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. ऊन अंगावर आल्यावर सगळे जागे झाले. कुणाला शिक्षा झाली नाही. थोडं पुढे जाऊन सगळ्यांनी सुटलेला नमाज पढला. झोप लागली, विसर पडला, तर आठवताक्षणी पढावा, एवढंच. जाणूनबुजून वर्षानुवर्षं सोडलेल्या नमाजांची कजा म्हणजे भरपाई मात्र मोठी उधारी असते. आमच्याकडे चाळिशीनंतर जमातीची वाट धरलेले लोक वयाची वर्षं मोजून, रोजच्या प्रत्येक फर्जसोबत एक जुना फर्ज फेडत बसलेले दिसतात. हनफी घरांत माणूस गेल्यावर त्याने तशी वसीयत केली असेल तर सुटलेल्या प्रत्येक नमाजामागे फितऱ्याइतका, म्हणजे ईदच्या दानातल्या ठरावीक गव्हाइतका, फिद्या काढतात. दिवसाचे पाच नव्हे तर सहा धरून, कारण इशानंतरचा वित्र वेगळा मोजला जातो. नमाज सोडण्याचा परिणाम म्हणून घरच्यांच्या हाती येतो तो बहुधा हाच गव्हाचा हिशेब.

१३ जुलै १९४४ ला इलियास गेले. शेवटच्या आजारात उभं राहवत नसताना दोन माणसं त्यांना धरून सफमध्ये म्हणजे नमाजाच्या रांगेत आणायची, असं नदवी नोंदवतात. धुरा आली मुलगा मुहम्मद यूसुफ यांच्याकडे, आणि तीन वर्षांत फाळणी. अलवर-भरतपूर संस्थानांत मेवांची कत्तल झाली, गावंच्या गावं उठली. १९ डिसेंबर १९४७ ला गांधीजी मेवातमधल्या घासेड्याला गेले आणि मेवांनी इथेच राहावं असं त्यांनी सांगितलं. जीव वाचवायला ज्यांनी धर्म सोडला किंवा लपवला होता अशांमध्ये यूसुफ यांच्या जमाती फिरल्या. रस्त्यावर टोपी घालून दिसणं धोक्याचं असताना माणसं नमाजाचं बोलावणं घेऊन फिरत होती. संस्थेच्या इतिहासातला हा काळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि जमातीबाहेर त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पुढचा विस्तार आकड्यांनी सांगण्यासारखा आहे, पण वह्याच नसल्याने आकडे कुणाकडे नाहीत. रायविंड, ढाक्याजवळचं टोंगी, इंग्लंडमधलं ड्यूसबरी ही मोठी केंद्रं झाली. भोपाळचा वार्षिक इज्तेमा ताजुल मसाजिदमधून शहराबाहेर हलवावा लागला. यूसुफ १९६५ मध्ये लाहोरला वारले, त्यांच्यानंतर इनामुल हसन यांनी तीस वर्षं कारभार पाहिला. महाराष्ट्रातही जमात मुरली. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांची असरची वेळ आपल्या घाटावरच्या हनफींपेक्षा आधी लागते. मराठवाड्यातली जमात रत्नागिरीकडे गेली की पहिल्या दिवशी असरला हमखास धावपळ होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादजवळ लिंबेजळगावला झालेल्या इज्तेम्याला लाखोंनी लोक आले. वजूच्या नळांच्या लांबच लांब रांगा आणि पार्किंगचे नकाशे हातात घेऊन उन्हात उभे असलेले कॉलेजातले स्वयंसेवक, सगळं बिनपगारी.

गमावलं काय, तेही मांडलं पाहिजे. मेवातमध्ये मिरासींचं गाणं आटलं. शैल मायाराम यांच्यासारख्या अभ्यासकांनी मेवांच्या या मौखिक परंपरा नोंदवून ठेवल्या म्हणून निदान कागदावर त्या उरल्या. पांडवांची कथा गाणारा माणूस पाच वेळचा नमाजी असू शकत नाही, असं कुराणात कुठेही लिहिलेलं नाही. तो निर्णय माणसांनी केला. आणि बायका? मस्तुरातच्या जमाती निघतात खऱ्या, पण सोबत महरम म्हणजे घरचा पुरुष हवा, मुक्काम कुणाच्या तरी घरी, बयान पडद्यापलीकडून. मशिदीच्या रांगेत त्यांना जागा देण्याचा विषय सहा बातांत कधी आलाच नाही.

इनामुल हसन १९९५ मध्ये गेले आणि एक अमीर म्हणजे प्रमुख नेमण्याऐवजी शूरा म्हणजे सल्लागार मंडळ आलं. त्यातले जुबैरुल हसन मार्च २०१४ मध्ये वारल्यावर इलियास यांचे पणतू मौलाना साद यांनी अमीर म्हणून सूत्रं घेतली. दुसऱ्या गटाला ते मान्य नव्हतं. २०१६ च्या रमजानमध्ये खुद्द निजामुद्दीनच्या मरकजमध्ये, म्हणजे बंगलेवाली मशिदीतल्या मुख्यालयात, हाणामारी झाली. जुने बुजुर्ग मरकज सोडून गेले, देवबंदच्या मदरशाने सादांच्या काही विधानांवर उघड आक्षेप घेतला. डिसेंबर २०१८ मध्ये टोंगीच्या मैदानात दोन गट भिडले आणि माणूस मेला. इकराम-ए-मुस्लिमवर रोज बयान करणाऱ्यांनी हे केलं. जिथे मालमत्ता नाही, निवडणूक नाही, तिथे भांडायला फक्त मान उरतो, आणि त्यावरचं भांडण कोर्टातही मिटत नाही.

मार्च २०२० चा करोनाकाळ सगळ्यांच्या आठवणीत आहे. मरकजमध्ये अडकलेली माणसं, मग देशभर गुन्हे, टीव्हीवर चाललेली झोड. गर्दी वेळीच न पांगवण्याची चूक मरकजच्या कारभाऱ्यांची होती, हे जमातीतलेही खाजगीत कबूल करतात. पण ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले. परदेशी पाहुण्यांना बळीचा बकरा केल्याचं न्यायमूर्ती नलावडे यांनी निकालात लिहिलं. न्यायमूर्ती सेवलीकर निकालाशी सहमत झाले, पण काही निरीक्षणांपासून त्यांनी स्वतःला वेगळं ठेवलं. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सत्तर भारतीयांवरची प्रकरणंही रद्द केली.

त्या काळात सगळ्यांत विचित्र अवस्था झाली ती गश्तीची. जवळपास शंभर वर्षं लोकांना घरातून मशिदीत आणण्याचं काम करणाऱ्यांना आता घरीच पढा असं सांगावं लागलं. अजान व्हायची, आत मुअज्जिन धरून चार-पाच माणसं. जमातीने पढलेल्या नमाजाचं सवाब सत्तावीस पट, असं आयुष्यभर ऐकवलेल्या माणसांनी बैठकीतला सोफा सरकवून चटई अंथरली आणि बायको-मुलांना मागे उभं करून इमामत केली. कित्येक घरांत तोवर बाप आणि लेकी एका जमातीत कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. मशिदी उघडल्यावर पुरुष परत गेले, लेकी घरी राहिल्या.

फूट अजून मिटलेली नाही. काही मशिदींच्या कमिट्यांनी दोन्ही गटांना जमात उतरवायला मनाई केली, काहींनी वार वाटून दिले : सोमवारी निजामुद्दीनवाल्यांची गश्त, बुधवारी शूरावाल्यांची. दोघांचं पुस्तक एक, सहा बाता एक, मुतकल्लिमची वाक्यंही तीच. पंक्चरवाल्याला आता आठवड्यातून दोनदा मनगट पुढे करावं लागतं.